पान दोनशे अठ्ठ्याऐंशी

चौथ्या सराव परीक्षेत खारूला दोनशेपैकी एकशे चार मार्क पडले. पहिल्या परीक्षेत एकशे एकतीस होते, मग एकशे बावीस, मग एकशे अठरा. डॉक्टरकीला प्रवेश मिळायचा तर एकशे साठच्या पुढं जावं लागतं, हे आता तिच्या बापालाही तोंडपाठ झालं होतं. बाकीची पोरं परीक्षेगणिक वर सरकत होती आणि ही उलटी चालली होती.

तिचा बाप बाइंडर. तळमजल्यावर कामाची खोली, वर राहायच्या दोन खोल्या. लहानपणी ती पेन्सिली कुरतडायची म्हणून आईनं तिचं नाव खारू ठेवलं, आणि शाळेतलं नाव घरात कुणी वापरलंच नाही. आई जाऊन आठ महिने झाले होते.

सोमवारी दुपारी खारू खाली कामाच्या खोलीत आली. बाइंडर पुठ्ठ्यांना खळ लावत होता. तिनं एक कागद टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवला.

"बाबा, यावर तुमची सही लागेल."

"काय आहे?"

"प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स. दोन वर्षांचा. त्याला परीक्षा नाही, शाळेच्या मार्कांवर मिळतो. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय."

"आणि डॉक्टर?"

"त्याला मार्क लागतात, बाबा. माझ्याकडे नाहीत."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की जणू घरातली साखर संपली होती. बाइंडरला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या माणसाला काहीतरी बोलता येतं.

"माझ्या हाताला खळ आहे," तो म्हणाला. "हात धुतले की करतो."

मंगळवारीही त्याच्या हाताला खळ होती. बुधवारीही होती.

बुधवारी संध्याकाळी त्याची थोरली बहीण आली. ती चार घरं सोडून राहायची आणि आठवड्यातून दोनदा येऊन घराची हजेरी घ्यायची. तिनं फॉर्म वाचला, पुन्हा होता तिथं ठेवला आणि स्टुलावर बसली.

"पोरगी स्वतःच्या तोंडानं नको म्हणतेय, तर तू का तिच्या मानेवर बसलायस?"

"मी कुठं बसलोय, ताई? मी एक शब्द बोललो नाही."

"तेच तर. न बोलता बसलायस. पुस्तकं शिवता शिवता तोंडही शिवून घेतलंयस तू."

"काय बोलू?"

"ते मला काय विचारतोस? खारूची आई गेल्यापासून तुम्ही बापलेक या घरात पाहुण्यासारखे राहताय. तुम्ही आधी घ्या, नाही नाही, तुम्ही आधी घ्या. मला तर इथं चहा प्यायचीसुद्धा चोरी वाटते."

"म्हणून तीन कप पितेस."

"दोन," ताई म्हणाली. "तिसरा तुझा होता, गार होत होता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सही करायची नसेल तर का नाही ते तिला सांग. करायची असेल तर कर. पण तिला टांगून ठेवू नकोस रे."

बाइंडरला सही करायची नव्हती. पण का नाही, हे त्याला सांगता येत नव्हतं. खारूला डॉक्टर व्हायचं होतं ते आईच्या आजारपणामुळं नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून. दहा वर्षांची असताना ती समोरच्या म्हातारीच्या गोळ्या खणाखणाच्या डबीत भरून द्यायची, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, आणि म्हातारीनं एखादी चुकवली की तिला दम भरायची. अशी पोरगी चार पेपरांत हातपाय गाळून बसते हे त्याला पटत नव्हतं. कुठंतरी काहीतरी निसटलं होतं. पण ते शोधायचं कुठं? तिची पुस्तकं त्याला शिवता यायची, वाचता यायची नाहीत. म्हणजे अक्षरं वाचता यायची, पण आत काय चाललंय ते कळायचं नाही.

गुरुवारी दुपारी तो हात घासून धुऊन तिच्या क्लासवर गेला. खारू त्या वेळी वाचनालयात असायची.

जीवशास्त्राच्या मॅडम वयस्क होत्या. सुजलेले पाय स्टुलावर ठेवून त्या पेपर तपासत होत्या. बाइंडरला बघून त्यांनी पाय खाली घेतले नाहीत. "बसा. माझे पाय तेवढे माफ करा," म्हणाल्या, आणि कपाटातून खारूच्या चार उत्तरपत्रिका काढून त्यांनी ओळीनं मांडल्या.

"मला यातलं काही समजत नाही, मॅडम."

"समजायचं काही नाही. नुसतं बघा. बरोबर उत्तराला हिरवी खूण आहे, चुकीला लाल. ही चौथी परीक्षा. पहिले सत्तर प्रश्न. काय दिसतं?"

"हिरवंच आहे सगळं."

"जवळजवळ. आता हे पाच कोरे. तिनं हातच लावला नाही. आणि त्याच्या पुढं बघा."

पुढं लाल होतं. अधूनमधून हिरवं, पण ते चुकून पडल्यासारखं.

"आता पहिली परीक्षा. इथं हिरवं कुठपर्यंत आहे? शंभरच्या पुढं गेलंय. मग पाच कोरे, आणि मग पुन्हा तेच. त्या पाच प्रश्नांच्या आधी ही मुलगी वेगळी आहे आणि नंतर वेगळी. तुम्हाला वाटतं तिचे मार्क कमी होत चाललेत. तसं नाही. ते पाच प्रश्न दर पेपरात आधी आधी येत गेले, एवढंच."

"कसले प्रश्न आहेत हे?"

"मूत्रपिंडाचे. किडनी. मी तिला विचारलं, तर म्हणाली, मॅडम, तो धडा राहिलाय. म्हटलं, मग वाच. हो म्हणाली. चार वेळा हो म्हणाली."

बाइंडरनं चारही पेपरांतले ते कोरे प्रश्न बोटानं मोजले.

"तिची आई कशानं गेली?" मॅडमनी विचारलं.

"किडनीनंच. दोन वर्षं डायलिसिस चालू होतं."

मॅडमनी चष्मा काढला. "मला कुणी सांगितलं नाही."

"आम्ही कुणाला सांगत नाही," बाइंडर म्हणाला. मग म्हणाला, "आम्ही एकमेकांनाही सांगत नाही."

घरी येताना त्याचं डोकं चालू होतं. कारण सापडलं होतं. आता निदान तो धडा काय आहे ते तरी बघू, म्हणून तो वर गेला आणि खारूच्या टेबलावरचं जीवशास्त्राचं जाड पुस्तक त्यानं उघडलं.

या घरात एक रीत होती. नवं पुस्तक आणलं की ते आधी खाली जायचं. छापखान्यातल्या पुस्तकांची शिवण कच्ची असते, वर्षभर वापरली की पानं सुटतात. म्हणून बाइंडर ते पुस्तक उसवायचा, दोऱ्यानं पुन्हा शिवायचा, जाड पुठ्ठा घालायचा आणि मगच ते खारूच्या हातात जायचं. पहिलीच्या पुस्तकापासून हे चालत आलं होतं.

अनुक्रमणिकेत बघून त्यानं धडा काढला. पान दोनशे अठ्ठ्याऐंशी. वर मोठ्या अक्षरांत नाव, खाली मूत्रपिंडाचं चित्र, त्याखाली चार ओळी. चौथी ओळ अर्धवट. पुढं वाचायला त्याची नजर समोरच्या पानावर गेली, तर तिथं हाडांबद्दल काहीतरी होतं. त्यानं पानाचा आकडा बघितला. तीनशे पाच.

दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि मग तीनशे पाच. मधली सोळा पानं नव्हती.

दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, पोरीनं पानं फाडली. पण बाइंडरला सोळा या आकड्याचा अर्थ ठाऊक होता. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक गठ्ठा होतो. त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक लावून पुस्तक शिवायचं. सोळा पानं कुणी फाडत नाही. सोळा पानं शिवणाऱ्याच्या हातून सुटतात.

त्यानं बोटानं शिवण चाचपली. दोरा साबूत होता, कुठं फाटल्याची खूण नव्हती. शिवताना तो फर्मा घेतलाच नव्हता.

आणि मग त्याला आठवलं, हे पुस्तक त्यानं कधी शिवलं ते. बायको गेल्याला अकरा दिवस झाले होते. वरच्या खोल्या नातेवाइकांनी भरलेल्या होत्या. कुणी भेटायला आलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं, म्हणून तो खाली येऊन बसला आणि हाताला काम हवं म्हणून त्यानं हे पुस्तक उसवलं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक छोटी काळी खूण असते. फर्मे नीट लावले की त्या खुणा पायऱ्यांसारख्या तिरक्या उतरतात. एक फर्मा राहिला तर पायरी तुटलेली दिसते. हे बघायचं काम कायम त्याच्या बायकोचं होतं. तो फर्मे लावायचा, ती पाठीवरून अंगठा फिरवायची आणि "चला" म्हणायची. तिचं "चला" ऐकल्याशिवाय बावीस वर्षांत त्यानं सुईत दोरा ओवला नव्हता. त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही आणि त्यानं शिवायला घेतलं.

राहिलेला फर्मा टेबलाखाली पडला असणार आणि कात्रणांबरोबर रद्दीत गेला असणार. तरी त्यानं खाली जाऊन सगळी फडताळं उपसली. सापडायचा नव्हताच.

खारू पाच वाजता आली. तो तिच्या खुर्चीवर बसलेला बघून दारातच थबकली. पुस्तक टेबलावर उघडं होतं.

"ही पानं माझ्या हातून राहिली," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला केव्हा कळलं?"

"पुस्तक हातात घेतलं त्याच दिवशी. मी आधी तोच धडा काढला होता."

"मग बोलली का नाहीस गं? दुसऱ्या दिवशी दुसरं पुस्तक आणलं असतं मी."

खारूनं पिशवी खांद्यावरून काढली आणि तशीच छातीशी धरली. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम काढलीत."

"मुद्दाम? मी कशाला काढीन?"

"मी वाचू नये म्हणून."

बाइंडरला काही उलगडेना. "तू वाचू नये असं त्यात काय आहे?"

"बाबा, मी आईला पाणी द्यायचे."

ती उभीच होती. एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. दिवसाला एक लिटर, त्याच्यावर थेंब नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबा रोज सकाळी मापून बाटली भरून ठेवायचे. दुपारी ती शाळेतून आली की बाबा खाली कामावर असायचे आणि आई म्हणायची, खारू, घसा कोरडा पडलाय गं. ती स्वयंपाकघरातून अर्धा पेला आणून द्यायची. रोज. शेवटचे पाच-सहा महिने रोज. मग पेला धुऊन, पुसून जागेवर ठेवायची.

"जास्तीचं पाणी कुठं जातं, ते त्या धड्यात असणार," ती म्हणाली. "फुप्फुसात जातं, हृदयावर ताण येतो. एवढं मला नर्सकडून कळलं होतं. पण अर्ध्या पेल्यानं किती, ते मला ठाऊक नव्हतं. ते वाचायला गेले तर पानंच नाहीत. मग म्हटलं, बाबांना कळलंय. बोलता येत नाही म्हणून पानं काढलीत. मैत्रिणीचं पुस्तक आणलं होतं एकदा. उघडलं नाही. पेपरात तो प्रश्न आला की पुढचं काही दिसतच नाही मला. कुणीतरी विचारतंय असं वाटतं."

आठ महिने ही पोरगी त्याच्यासमोर बसून जेवत होती. तो पोळी वाढत होता, ती "पुरे" म्हणत होती, आणि हे तिच्या पोटात होतं.

"बस इथं," तो म्हणाला.

ती पलंगाच्या कडेवर बसली.

"ती बाटली मी किती भरायचो?"

"एक लिटर."

"नाही. आधी एक लिटर भरायचो. मग तुझी आई मला म्हणाली, अहो, पोरगी दुपारी अर्धा पेला देते. तिला बोलू नका, तिला तेवढंच हाताशी आलंय करायला. तुम्ही सकाळी तेवढं कमी भरा. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा पेला कमी भरायला लागलो. शेवटपर्यंत."

"खरं सांगताय? का मला बरं वाटावं म्हणून?"

"मला असलं काही रचून सांगता येतं का? तुझ्या आत्याला विचार, मला धड बहाणासुद्धा करता येत नाही. चार दिवस हाताला खळ लावून बसलोय." "ती लबाड होती तुझी आई. मला म्हणायची, माझा एक लिटर तुम्ही दोघांनी वाटून दिलात तर तेवढाच दोनदा पाहुणचार होतो. आणि ती पाण्यानं गेली नाही. जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, कपाटात आहे. तुला दाखवायला हवा होता. मी कपाटच उघडलं नाही."

मग ती रडली. बराच वेळ रडली. त्यालाही रडू आलं, पण त्यानं आधी उठून गॅसवर चहा ठेवला आणि तिकडं तोंड करून रडून घेतलं.

चहा पिऊन झाल्यावर तिनं टेबलावरच्या पुस्तकाकडं बघितलं. "उद्या शुक्रवार आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. सही मी करतो. आता लगेच करतो, हात स्वच्छ आहेत. पण फॉर्म तू नेऊन द्यायचा का नाही, ते ही सोळा पानं वाचल्यावर ठरव. वाचूनही तुला तंत्रज्ञच व्हायचं असेल तर मी तुला तिथं सोडायला येईन. चांगलं काम आहे ते. मी बघितलंय त्या लोकांना."

"आणि पानं?"

त्यानं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, माझं पुस्तक घेऊन जा, पण खुणा केल्यात त्या पुसू नका. अर्ध्या तासात तो झेरॉक्स घेऊन परत आला.

त्या संध्याकाळी खारूनं मोठ्यानं वाचलं आणि तो ऐकत बसला. पहिल्या पानाला तिचा आवाज दोनदा अडकला. तो मधे मधे विचारत होता, काही तिला सोपं जावं म्हणून, काही खरंच कळत नव्हतं म्हणून.

"म्हणजे गाळतं ते. आपण खळ फडक्यातून गाळतो तसं."

"साधारण. गुठळ्या वर राहतात, म्हणजे रक्तपेशी, प्रथिनं. पाणी आणि बारीक सारीक खाली जातं. दिवसाला एकशे ऐंशी लिटर."

"किती?"

"एकशे ऐंशी. आणि त्यातलं जवळजवळ सगळं पुन्हा आत घेतात. बाहेर जातं दीड लिटर."

"म्हणजे आधी सगळं रद्दीत टाकायचं आणि मग कामाचं उपसून परत आणायचं? हा कुठला कारभार?"

"पण चुकत नाही ना काही, बाबा. काय ठेवायचं ते शोधत बसायचं नाही. जे परत घेतलं नाही ते आपोआप गेलं."

बाइंडरनं यावर विचार केला आणि त्याला ते पटलं.

डायलिसिसच्या परिच्छेदाशी ती थांबली. तो सहा ओळींचा होता. "एवढंच?" ती म्हणाली. "दोन वर्षं, आणि सहा ओळी?" मग त्यानं त्या सहा ओळींत नसलेलं तिला सांगितलं. सुई टोचताना आई नर्सला विनोद सांगायची आणि सुई आत गेली की विनोद अर्धवट सोडायची, म्हणजे नर्सला पुढच्या वेळी यावंच लागेल. चार तास पाय कसे गार पडायचे. परत येताना रिक्षात ती कशी गप्प असायची आणि घराच्या कोपऱ्यावर आल्यावर केस नीट करायची. खारूनं त्यातलं काही समासात लिहिलं नाही, पण पेन हातात धरून ऐकत राहिली.

जेवायच्या वेळेला सोळा पानं संपली.

"सगळं डोक्यात राहिलं असं नाही," ती म्हणाली. "पुन्हा वाचावं लागेल."

शुक्रवारी सही केलेला फॉर्म टेबलावरच राहिला. शनिवारी ताईनं तो बघितला, बाइंडरकडं बघितलं आणि तिला काय समजायचं ते समजलं. तिनं त्याची घडी घालून तो हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला आणि चहा मागितला. बाइंडरनं पुस्तक उसवून झेरॉक्सची पानं मधे शिवली. छापलेल्या कागदापेक्षा ती पांढरी होती आणि थोडी बाहेर यायची.

दोन आठवड्यांनी पाचवी सराव परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी खारू तणतणतच जिना चढून आली. बाइंडर तिच्या मागोमाग वर गेला. ती पुस्तक काढून उभ्या उभ्या पानं उलटत होती.

"काय झालं?"

"एकशे एकोणचाळीस."

"मग? पस्तीसनं वाढले की."

"किडनीचे सहा प्रश्न होते. पाच बरोबर आले. सहावा बघा. दोन उत्तरं बरोबर होऊ शकतात. मॅडम म्हणतात दुसरंच बरोबर. कसं काय दुसरंच? इथं काय लिहिलंय बघा." तिनं पांढऱ्या पानावर बोट आपटलं. "मी उद्या पुस्तक घेऊन जाणार आहे त्यांच्याकडं."

ती चिडली होती. एका मार्कासाठी, चांगलीच चिडली होती. बाइंडरनं पानावर नजर टाकली, त्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान हलवली.

"आणि हाडांच्या धड्यात तीन गेले," ती म्हणाली. "त्याला तर काही कारणच नाही. नुसता आळस. अजून एकवीस कमी आहेत."

"आठवडे किती उरलेत?"

"सात."

"मग आठवड्याला तीन."

"असं नसतं हो, बाबा. ते काय पुठ्ठे कापायचेत का?"

"मला काय ठाऊक. मी आपला हिशेब सांगितला."

"होईलच असं नाही," ती म्हणाली. या वेळी त्याच्याकडं बघून म्हणाली. "कमी पडले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागेल."

"बसू."

"तुम्ही नाही, मी."

"बरं, तू बस. मी पोळ्या करीन."

"नको," खारू म्हणाली, "मग मी अभ्यास कशावर करू, तुमच्या पोळ्या खाऊन?" तिनं खुर्ची ओढली, हाडांचा धडा काढला आणि कोपरानं त्याला बाजूला सारलं. "आता जा बरं तुम्ही खाली. मला वाचू द्या."

तो खाली कामाला गेला.